चैत्रातला एक दिवस: कोकणात नव्याने घर मांडणाऱ्यांसाठी कामांचा क्रम

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे वाडवडिलांचे घर उघडून तिथे कायमचे राहायला आलेल्या माणसांना पहिल्या पावसाळ्याची धास्ती वाटते आणि ती रास्तही आहे. मात्र त्या पावसाळ्यात घरात काय असेल आणि काय नसेल, हे चैत्र-वैशाखातच ठरून जाते. आंबा, काजू आणि रातांबा (म्हणजे कोकमाचे फळ) ही तिन्ही पिके याच दोन महिन्यांत हाताशी येतात, विहिरीचे पाणी याच काळात तळाला जाते, आणि मृग लागण्यापूर्वी घर, गोठा व लाकूडफाटा यांची व्यवस्थाही याच दिवसांत लावून घ्यायची असते. एप्रिलच्या मध्यावरचा असा एक दिवस कसा लावावा, एवढेच या लेखात सांगायचे आहे. दहा-बारा हापूसची कलमे, वीस-पंचवीस काजू, रातांब्याची तीन-चार झाडे, पंधरा माड, एक गाय व वासरू, एक विहीर आणि कौलारू घर असा बेताचा पसारा मी डोळ्यांसमोर ठेवला आहे, कारण आमचे घर साधारण असेच आहे.

नव्या माणसाची चूक काम न येण्यापेक्षा कामाची वेळ निवडण्यात अधिक होते. तो सकाळी अकराला माडांना पाणी सोडतो, भर दुपारी आंबे उतरवतो आणि उन्हे कलल्यावर काजू बी वाळत घालतो. तिन्ही कामे मन लावून केलेली असतात, तरी तिन्हींचे निम्मे फळ हातातून जाते. म्हणून आधी एक खूणगाठ बांधावी: पाणी, गुरे आणि आंबा ही थंड वेळेची कामे आहेत, वाळवण हे उन्हाचे काम आहे, आणि निवडणे, सोलणे, विणणे ही सावलीची कामे आहेत. या तिन्हींची सरमिसळ होऊ दिली नाही, की दिवस आपोआप बसतो.

पहाट: पाणी आणि गोठा

या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. त्याआधी तासभर उठावे आणि चूल पेटवण्याअगोदर विहिरीत डोकावून यावे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही मार्च-एप्रिलमध्ये वाड्यावाड्यांतून पाण्याची ओढाताण सुरू होते, कारण जांभा दगड सच्छिद्र असतो आणि त्यातून पाणी झिरपून खाली निघून जाते. विहिरीच्या आतल्या बाजूला चुन्याने किंवा रंगाने एकेका फुटावर खुणा करून ठेवल्या, तर रोज किती पाणी उतरते आणि रात्रीतून किती भरते, हे आठवडाभरात ध्यानात येते. जेवढे रात्रीतून भरते तेवढेच दिवसात उपसावे. पंपाच्या जोरावर एका सकाळी विहीर कोरडी करणे सोपे असते, पण नंतर गाळ ओढला जातो, पंप बिघडतो आणि गुरांना पाजायलाही पाणी उरत नाही.

पाण्याचा पहिला मान गुरांचा, दुसरा घराचा, तिसरा लहान कलमांचा आणि शेवटचा मोठ्या माडांचा, असा क्रम आमच्याकडे आहे. पूर्ण वाढलेल्या माडाला उन्हाळ्यात दिवसाला साधारण ४० लिटर पाणी मिळाले तर नारळ धरतो. ठिबक असेल तर ते पहाटे सुरू करावे. पाट असतील तर आळ्यातला पातेरा, म्हणजे पालापाचोळा, बाजूला न सारता त्याच्यावरूनच पाणी जाऊ द्यावे. पाण्याची खरी राखण हा पातेराच करतो. पडलेली पाने, झावळ्यांचे तुकडे आणि नारळाची सोडणे (वरची काथ्याची साले) जाळून अंगण स्वच्छ करण्याची शहरी सवय इथे महागात पडते. सोडणे पालथी घालून आळ्यात पसरावीत. गेल्या पावसाळ्यात लावलेल्या कलमांना नैर्ऋत्येच्या बाजूने झावळीचा आडोसा करावा, कारण दुपारनंतरचे तिरपे ऊन कोवळी पालवी करपवते.

गोठ्यात गेल्यावर आधी गाईच्या अंगावरून हात फिरवावा. कानाच्या मागे, गळ्याच्या पोळीखाली आणि मांडीच्या आतल्या बाजूला गोचीड बसलेली असते आणि उन्हाळ्यात ती झपाट्याने वाढते. कोकण कपिला ही इथली लहान चणीची देशी जात काटक आहे, डोंगरउतारावर चरून येते आणि दमट हवा सोसते. तिच्या जागी अधिक दुधाच्या आशेने मोठी संकरित गाय आणण्याची घाई पहिल्या वर्षी करू नये. दूध काढून झाले, की शेण गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, टाकावे आणि आठवड्यातून एकदा गायरी वरखाली करावी. माडाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा शेणखताच्या खड्ड्यातच अंडी घालतो. त्याच्या जाड, पांढऱ्या, अर्धवर्तुळात वळलेल्या अळ्या उघड्या पडल्या, की कोंबड्या त्या पाहता पाहता संपवतात. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लशी पावसापूर्वी टोचून घ्यायच्या असतात, तेव्हा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याची चौकशी याच महिन्यात करून ठेवावी.

सात ते दहा: आंबा उतरवणे

दिवसातले सर्वांत नाजूक काम हे आहे, आणि त्यासाठी मी तीन तास राखून ठेवतो. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर आंबा काढावा. तापलेला आंबा लवकर मऊ पडतो, त्याचा टिकाव कमी होतो, आणि काढलेली फळे उन्हात राहिली तर साक्याचे प्रमाणही वाढते. साका म्हणजे पिकलेल्या हापूसच्या गरात पडणारा पांढरट, स्पंजासारखा आंबट भाग. तो बाहेरून दिसत नाही, म्हणून विकत घेणाऱ्याचा विश्वास घालवणारा याच्याइतका दुसरा दोष नाही.

कोणता आंबा काढायचा, हे शिकायला एक हंगाम जातो. तयार फळाचे खांदे देठाच्या वर उचललेले असतात, देठापाशी खळगा पडतो, आणि गडद हिरवी साल फिकट, किंचित पिवळसर होऊ लागते. झाडाखाली एखादा पाडाचा, म्हणजे झाडावरच पिकू लागलेला, आंबा आपणहून पडलेला दिसला, की त्या झाडावर काढणीजोगी फळे असल्याचे समजावे. यालाच चौदा आणे तयार आंबा म्हणतात. आकड्यात सांगायचे तर ८५ टक्क्यांच्या आसपास पक्वता. संशय वाटला तर चार-पाच फळे बादलीभर पाण्यात सोडून पाहावीत. तयार फळ बुडते, कोवळे तरंगते. एका झाडावरचे सगळे आंबे एका दिवशी उतरवण्याचा मोह टाळावा, कारण मोहोर निरनिराळ्या वेळी आलेला असतो आणि फळेही तशीच मागेपुढे तयार होतात. एका झाडाच्या तीन-चार काढण्या होणे हेच योग्य.

काढणीसाठी बांबूच्या टोकाला जाळी व पाते असलेला झेला वापरतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला यासाठी फार उपयोगी आहे, कारण त्याने फळ देठासकट कापले जाते. दोन-तीन सेंटिमीटर देठ फळाला राहिलाच पाहिजे. देठ मुळातून तुटला, की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळे डाग उठतात आणि पुढे त्याच जागी फळ कुजू लागते. हा चीक माणसाच्या कातडीलाही पोळतो, म्हणून हातांना खोबरेल चोळून पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. झेल्यातले फळ आपटू न देता क्रेटमध्ये ठेवावे. क्रेटच्या तळाशी पेंढा किंवा जुना कपडा अंथरावा. क्रेट भरला की लगेच सावलीत न्यावा. उंच झाडावर चढायचे असेल तर ते सवयीच्या गड्यावर सोपवावे, त्यांच्या मजुरीत आणि सकाळच्या चहा-भाकरीत काटकसर करू नये, आणि शिडी धरायला खाली दुसरा माणूस उभा ठेवल्याशिवाय कोणालाही वर पाठवू नये.

झाडाखाली पडलेली, कीड लागलेली फळे त्याच फेरीत गोळा करून खड्ड्यात खोल पुरावीत. फळमाशीची पुढची पिढी याच सडक्या फळांतून बाहेर पडते. विद्यापीठाने तयार केलेला रक्षक सापळा हेक्टरी चार या प्रमाणात लावतात. लहान बागेत एक-दोन पुरतात, मात्र त्यातले आमिष वेळच्या वेळी बदलावे लागते. नुसते टांगून ठेवलेले रिकामे सापळे मी अनेक बागांत पाहिले आहेत.

घरी आल्यावर फळे आकारानुसार निवडावीत. विकायचा माल पेटीत, घरचा अढीत. अढीसाठी हवेशीर खोलीत जमिनीवर चार बोटे जाडीचा भाताचा पेंढा पसरावा, त्यावर फळे एकमेकांना न चेपता एका थरात मांडावीत, पुन्हा पेंढा घालावा, आणि असे दोन किंवा फार तर तीन थर करावेत. चौथ्या दिवसापासून रोज हात फिरवून डागी फळ काढून टाकावे. आठ ते दहा दिवसांत वास घरभर पसरतो. पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे, आणि ज्यांच्या घरी पेंढा आहे त्यांना त्याचा विचारही करण्याचे कारण नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. माल विकण्याचा विचार असेल तर त्याखाली आपल्या बागेची नोंदणी करून घेणे हिताचे आहे.

दहानंतर: उन्हाचा उपयोग

ऊन चढू लागले, की खळ्याकडे वळावे. खळे आदल्या दिवशी शेणाने सारवून ठेवलेले असावे, म्हणजे माती मालाला लागत नाही. काजूची बी झाडावरून तोडायची नसते. बोंडू, म्हणजे बी ज्याला लटकलेली असते ते रसाळ फळ, आपणहून खाली पडू द्यावा, तो रोज किंवा एक दिवसाआड वेचावा, बी पिळून वेगळी करावी आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावी. नखाने दाबल्यावर टरफलावर व्रण उठेनासा झाला, की बी वाळली. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही एकाच उन्हावर समाधान मानून तीन गोणी बांधल्या आणि जूनच्या अखेरीस उघडल्या, तेव्हा आतली बी काळवंडून तिला बुरशीचा वास येत होता. त्या हंगामाचे काजूचे सगळे उत्पन्न त्यातच गेले. टरफलातले तेल कातडी भाजून काढते, म्हणून ओले गर काढताना हातांना राख किंवा तेल लावावे आणि मुलांना या कामाला बसवू नये. बोंडू गोव्यात फेणीसाठी मोलाचा ठरतो, आपल्याकडे मात्र त्यातला बराचसा झाडाखालीच कुजतो, याचे मला दर वर्षी वाईट वाटते. निदान ताज्या बोंडूच्या फोडी मीठ लावून घरात खाव्यात आणि उरलेले गायरीत घालावेत.

रातांबे एप्रिलच्या मध्याला नुकते लाल होऊ लागतात. पूर्ण लाल झालेलीच फळे घ्यावीत. ती धुऊन, कापून, बिया व गर एका भांड्यात काढावा आणि त्यावर मीठ घालावे. मिठामुळे सुटणारा रस हेच पुढचे भांडवल. साली वेगळ्या करून उन्हात वाळत घालाव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साली या खारट रसात बुडवून, निथळून, पुन्हा वाळत घालाव्यात. याला पुट देणे म्हणतात. पाच ते सात पुटे दिली, की साल काळसर, मऊ आणि आंबट-खारट होते आणि तिला आमसूल हे नाव शोभते. एक-दोन पुटांवर थांबलेले आमसूल आमटीत टाकल्यावर चवही देत नाही आणि भाद्रपदापर्यंत टिकतही नाही. रस आंबट असल्यामुळे ॲल्युमिनियमची, तांब्या-पितळेची किंवा लोखंडाची भांडी यासाठी कदापि वापरू नयेत. काच, चिनी माती किंवा चांगले स्टील चालते. उरलेला खारट रस गाळून बरणीत भरला, की ते आगळ, आणि त्याची सोलकढी वर्षभर होते. बियाही टाकू नयेत. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्यावर वर येणारा स्निग्धांश मुठीत वळून ठेवतात. तेच मुठेल पावसाळ्यात चिखलाने पायांना पडणाऱ्या भेगांवर लावायला उपयोगी पडते. ही सगळी खटपट पहिल्या पावसाच्या आत पुरी झाली पाहिजे, कारण पाऊस लागल्यावर रातांबा झाडावरच सडतो आणि पुटांना ऊनही मिळत नाही.

मिरची, कुळीथ, वाल आणि भाताचे बियाणे यांनाही याच उन्हात एकेक दिवस द्यावा. कडधान्याला राख चोळून डब्यात भरण्याची जुनी रीत आजही तितकीच कामाची आहे.

दुपार

बारा ते साडेतीन उन्हात कोणतेही काम करू नये. समुद्राजवळच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि माणूस कळायच्या आत गळून जातो. पेज, ताक, मीठ घातलेले कोकम सरबत किंवा पन्हे घ्यावे आणि अर्धा तास तरी आडवे व्हावे. उरलेला वेळ पडवीत बसून करायच्या कामांचा: काजू निवडणे, झेल्याची फाटलेली जाळी विणणे, हीर काढून केरसुण्या बांधणे, आणि आदल्या दिवशी पाण्यात भिजत घातलेल्या झावळ्यांची झापे विणणे. झापे विणणे शेजारच्या एखाद्या आजींकडून शिकावे. लिहून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हे.

चार ते सहा: पावसाआधीचे एकच काम

संध्याकाळचे हे दोन तास पावसाळ्याच्या तयारीचे आहेत आणि एका दिवशी एकच काम हाती घ्यावे. आज कौले चाळावीत, उद्या लाकडे रचावीत, परवा पेंढ्याची उडवी झाकावी. कौले चाळताना वानरांनी फोडलेली आणि सरकलेली कौले बदलून खालच्या रिपा ठोकून पाहाव्यात. वाळवी लागलेली रीप पोकळ वाजते. विहिरीचा गाळ काढायचा असेल तर पाणी तळाला गेल्यावर, वैशाखात, माहितगार माणसांकडूनच काढून घ्यावा. एकट्याने खाली उतरू नये आणि डिझेलचे इंजिन विहिरीत उतरवून चालवू नये, कारण त्याचा धूर आत कोंडतो आणि माणसे गुदमरून दगावतात.

लाकडे, दगड आणि जुनी कौले हलवताना हात घालण्यापूर्वी काठीने ढोसून पाहण्याची सवय लावून घ्यावी. या भागात फुरसे हा विषारी साप विपुल आहे आणि तो इतका लहान व मातकट असतो, की नवख्या डोळ्याला दिसतच नाही. साप चावल्यास जखम कापू नये, करकचून बांधू नये. चावलेला अवयव हलू न देता थेट प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप पकडून नेण्याची गरज नसते. लाल विंचवाचा दंशही कोकणात जीवघेणा ठरत असे, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर ही परिस्थिती पालटली. म्हणजे उपाय आहे, मात्र तो वेळेवर गाठायला हवा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता आणि दूरध्वनी क्रमांक पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्यावा.

आगीबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे. भाताची रोपे वाढवण्याच्या जागेवर कवळ (झाडांच्या तोडलेल्या पालेदार डहाळ्या), शेण, गवत आणि माती यांचे थर रचून भाजावळ करण्याची पद्धत अजून चालू आहे. माझे मत असे, की नव्या माणसाने ती करूच नये. गादीवाफ्यावर शेणखत घालून रोपे उत्तम होतात. आपण आग लावली नाही तरी वणवा शेजारच्या सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावरून, येऊ शकतो आणि पंधरा वर्षे वाढवलेली कलमे तासाभरात होरपळून जातात. म्हणून बागेच्या कडेने किमान तीन मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून, पातेरा ओढून, अगदी मातीपर्यंत स्वच्छ ठेवावा. हा पट्टा एकदा काढून भागत नाही. वाऱ्याने त्यावर पुन्हा पाने जमतात, तेव्हा आठवड्यातून एकदा तिथे खराटा फिरलाच पाहिजे.

दिवेलागण

सहा वाजता खळ्यावरचा सगळा माल आत घ्यावा. आकाश निरभ्र असले तरी घ्यावा, कारण रात्रीची दमट हवा दिवसभराचे वाळवण परत ओले करते आणि वळिवाचा पाऊस दार ठोठावून येत नाही. घाटाकडे ढग चढताना दिसले, की झाडावर आणि कौलांवर असलेल्या माणसांना ताबडतोब खाली बोलवावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप विजेचा इशारा देते; ते घरातल्या प्रत्येक मोबाइलवर असावे.

परसातल्या वांगी, मिरची आणि माठाला उन्हे गेल्यावर झारीने पाणी द्यावे, गाईला पेंढा टाकावा आणि कोंबड्या झाकाव्यात. जेवण झाल्यावर रातांब्याच्या भांड्यात एकदा लाकडी कालथा फिरवून मीठ विरघळले आहे ना हे पाहावे, उद्याच्या पुटासाठी सालींची परात फडक्याने झाकून ठेवावी, विहिरीची त्या दिवसाची खूण वहीत लिहावी, आणि पंपाचा खटका बंद असल्याची खात्री करूनच दार लावावे.